गादीखालची सोळा पानं

बाइंडरकाकांनी आयुष्यात हजारो पुस्तकं बांधली आणि एकही वाचलं नाही. याची त्यांना लाज नव्हती, उलट थोडा तोराच होता. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते हे काम शिकले त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बांधणाऱ्याने वाचायच्या भानगडीत पडायचं नाही, डोळा ओळीवर गेला की हात थांबतो आणि भांड्यातली खळ वाळून जाते. काकांनी ते ऐकलं, आणि पुढे म्हातारा गेला तरी ऐकतच राहिले. पुस्तक त्यांना दोऱ्यावरून कळायचं, पुठ्ठ्यावरून कळायचं, पानं चाळताना अंगठ्याला जो वारा लागतो त्यावरून कळायचं. आत काय लिहिलंय ही ज्याची त्याची खासगी बाब.

शाळेत त्यांच्याच बाकावर बसलेले आणि आता निवृत्त झालेले हेडमास्तर यांनी एकदा आपल्या वडिलांचा जाडजूड ग्रंथ बांधायला दिला होता. परत नेताना त्यांनी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "काय रे, कसा वाटला ग्रंथ?"

"पाठीत कमकुवत होता," काका म्हणाले, "आता तुझ्या नातवापर्यंत बघायला नको."

हेडमास्तरांनी ही गोष्ट गावभर केली. काकांनाही ती आवडायची, कारण त्यात त्यांच्या कामाची तारीफ होती.

चर्चला मात्र ते दर रविवारी जायचे. खांबाजवळची जागा त्यांची. गाणी खणखणीत आवाजात म्हणायचे, प्रार्थनेला मान खाली घालायचे, आणि उपदेश सुरू झाला की मान तशीच खाली ठेवून झोपायचे. शेवटच्या गाण्याला बायकोचं कोपर बरगडीत बसलं की जागे. उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. पण पाळकसाहेब भला माणूस, शिवाय स्वतःच्या उपदेशाबद्दल त्यांचे काही फार गैरसमज नव्हते.

तर या पाळकसाहेबांना आता डोळ्यांनी धड दिसेना आणि पायऱ्या चढवेनात, म्हणून ते निवृत्त व्हायला निघाले होते. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं हा प्रश्न चर्चच्या मंडळीपुढे आला, आणि एक नाव आलं ते बाइंडरकाकांच्या मुलीचं.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. उपासना चालू असताना बाकांखालून रांगत ती या टोकाची त्या टोकाला निघायची, आणि लोकांच्या चपलांची अदलाबदल करून ठेवायची. एकदा तर तिने व्यासपीठाच्या लाकडी कठड्यात डोकं घातलं आणि ते तिथेच अडकलं. शेवटी हेडमास्तरांनी साबणाचं पाणी मागवून स्वतःच्या हाताने तिची सुटका केली. तीच भिंगरी पुढे धर्मशिक्षणाला गेली, चांगली पहिल्या वर्गात पास होऊन आली, आणि आता त्याच कठड्यामागे उभी राहून उपदेश करायचा म्हणत होती.

"पोर हुशार आहे, नाही कोण म्हणतं?" हेडमास्तर म्हणाले. मंडळीच्या वडीलधाऱ्यांमध्ये त्यांचा शब्द चालायचा. "पण आपल्या डोळ्यांसमोर नाक पुसत वाढलेली. तिला वर उभी केली की मला ते अडकलेलं डोकंच दिसणार. तिचं ऐकणार कोण?"

शेवटी असं ठरलं की एका रविवारी भिंगरीने उपदेश करावा. तो ऐकून वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे निर्णय घ्यावा. विषय पाळकसाहेबांनी दिला: देव शास्त्रातून, म्हणजे धर्मग्रंथातून, स्वतःला कसा प्रकट करतो. वाचनही त्यांनीच निवडलं. प्रभूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य गावाच्या वाटेने निघालेत आणि तिसरा एक जण त्यांना येऊन मिळतो, तो प्रसंग.

आणि या चर्चची एक रीत होती. व्यासपीठावर चढताना हात रिकामे पाहिजेत. टिपणं नाहीत, चिठ्ठी नाही, आपलं स्वतःचं शास्त्रसुद्धा न्यायचं नाही. वर जे मोठं शास्त्र ठेवलेलं असतं त्यातूनच वाचायचं आणि त्यावरच बोलायचं. पूर्वी एक पाळक होऊन गेले, ते उपदेश लिहून आणायचे. त्यांनी एकदा मागच्याच वर्षीचा कागद काढून अथपासून इतिपर्यंत वाचला, आणि मागच्या वर्षी जिथे खोकले होते तिथेच खोकले. तेव्हापासून कागद बंद.

नेमकं ते मोठं शास्त्र आता खिळखिळं झालं होतं. पुठ्ठा निखळलेला, दोरे तुटलेले, मधली पानं बाहेर डोकावणारी. भिंगरीच्या रविवाराआधी ते नीट बांधून मिळावं म्हणून पाळकसाहेबांनी ते काकांकडे पाठवलं. ते मांडीवर घेऊन काका बराच वेळ बसून राहिले. लेक वर उभी राहणार, आणि तिच्या हाताखाली आपण बांधलेलं पुस्तक असणार. याहून जास्त काही मागायची त्यांना सवय नव्हती.

घराची पुढची खोली हाच कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि सगळ्यावर खळीचा आंबूस वास. बाहेरच्या माणसाला तो वास नाक धरायला लावायचा, घरच्यांना तो आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. काकांनी पुस्तक सगळं उसवलं आणि त्याचे फर्मे सुटे केले. मोठे कागद एकात एक घडी घालून सोळा पानांचा जो एक गठ्ठा होतो त्याला फर्मा म्हणतात. असे पुष्कळ फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या पायथ्याशी बारीक आकडा छापलेला असतो. काकांनी आकडे तपासले, सगळे क्रमाने होते.

जेवताना त्यांनी लेकीला विचारलं, "तुझं ते वाचन कुठल्या भागात येतं गं?"

भिंगरीचा घास हातातच राहिला. "बाबा, तुम्ही वाचनाची चौकशी करताय?"

"वाचनाची कशाला करू? तिथे पुस्तक जास्त वेळ उघडं राहणार. घडीवर पातळ कागद लावून घेतो, म्हणजे ताण येणार नाही."

"तरीच म्हटलं," त्यांची बायको म्हणाली आणि तिने दुसरी पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी लेकीने सांगितलेल्या भागाचा फर्मा शोधून काढला, घडीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि ती वाळायची वाट बघत खुर्चीत बसले. हातात चहाचा कप. फर्मा समोर उघडा, चष्मा नाकावर. डोळे कुठेतरी ठेवायला हवेत म्हणून त्यांनी ते पानावर ठेवले, आणि एक ओळ वाचली गेली.

तिथून पुढची वाचली गेली.

दोघे जण उदास होऊन चालले होते. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तो मेला होता. कोणीतरी मागून आला आणि त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालू लागला. काय झालं, असं त्याने विचारलं. आणि हे दोघे त्याला त्याचीच हकिकत सांगायला लागले. कोणाला सांगताय, कोण आहे तो, याचा पत्ता नाही. तो बिचारा ऐकून घेतो, मग जुन्या शास्त्राच्या पहिल्या पानापासून एकेक गोष्ट त्यांना उलगडून सांगत जातो, तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. काका चक्क चिडले. चहावर साय धरली होती. गाव जवळ आलं. तो तिसरा माणूस पुढे निघून जाणार अशी लक्षणं दिसायला लागली.

"अरे, तोच आहे!" काका पानाला म्हणाले.

"कोणाशी बोलताय?" बायकोने दारातून विचारलं.

चोरून साखर खाताना सापडलेल्या मुलासारखी काकांची गत झाली. जन्मभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच मोडताना पकडले जाणार! त्यांनी झटकन फर्मा मिटला आणि खुर्चीच्या गादीखाली सरकवला. वर स्वतः बसले.

"कोणाशी नाही. खळ जरा पातळ झालीय."

"खळीशी बोलत होतात?"

"कामाच्या वेळी डोकं खाऊ नको बरं."

ती हसत आत गेली. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. ते जातंय तोवर कापडवाला नमुने घेऊन हजर झाला. तो अर्धा तास बसला आणि शेवटी हवं ते कापड त्याच्याकडे नव्हतंच. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सुई ओवली आणि शिवायला बसले. शिवण्याआधी आकडे पुन्हा बघायचे असतात, हेही त्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. पण आकडे तर आपण बघितलेत, असं काकांना वाटलं. बघितलेच होते. फक्त वाचायच्या आधी बघितले होते.

पुस्तक देखणं झालं. गडद कापड, कोपऱ्यांना चामडं, पाठीवर सोनेरी रेघ. शनिवारी काकांनी ते कापडात गुंडाळून चर्चमध्ये नेलं आणि स्वतःच्या हाताने व्यासपीठावर ठेवलं. हेडमास्तर तिथे होतेच.

"झालं का मजबूत?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, आता यातलं एक पान हलणार नाही. मी लिहून देतो."

"लिहून नको देऊस," हेडमास्तर म्हणाले, "तुला लिहिण्या-वाचण्याचा त्रास कशाला?"

घरी भिंगरीची तयारी जोरात होती. न्हाणीघरात आवाज घुमतो म्हणून ती तिथे उभी राहून सराव करायची, आणि 'मुद्दा पहिला' पासून 'मुद्दा पाचवा' पर्यंत सगळं घर ऐकायचं. मोठमोठे शब्द होते. काकांना त्यातलं अर्धं कळत नव्हतं आणि त्याचाच त्यांना अभिमान वाटत होता.

रविवारी मायलेकी लवकर निघून गेल्या. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस चापून बसवले आणि बूट घालायला खुर्चीत बसले. नाडी बांधायला वाकले तेव्हा बुडाखाली काहीतरी चुरचुरलं.

गादी उचलायच्या आधीच त्यांना कळलं होतं. दुसरी नाडी तशीच सोडून ते उठले. मग गादी उचलली. फर्मा व्यवस्थित होता, शिकंज्यात ठेवल्यासारखा सपाट. लेकीचं वाचन त्यात होतं, अख्खंच्या अख्खं. म्हणजे व्यासपीठावरच्या त्या देखण्या पुस्तकात ते नव्हतं.

काका फर्मा छातीशी धरून निघाले. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटलेली. इतके भरभर ते बऱ्याच वर्षांत चालले नव्हते.

ते पोहोचले तेव्हा दुसरं गाणं चालू होतं. भिंगरी समोर, पाळकसाहेबांच्या शेजारी, पाठ ताठ करून बसलेली. तिच्यापर्यंत जायचं तर सगळ्या मंडळीच्या मधून जावं लागणार. काका खांबाजवळ आपल्या जागेवर येऊन टेकले. छाती भात्यासारखी चालली होती.

"एवढा उशीर? आणि हे काय आणलंय?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"फर्मा."

"कसला?"

काकांनी नुसती मान व्यासपीठाकडे केली. बायकोने त्या दिशेला बघितलं, मग त्यांच्या हाताकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"तिचाच?"

"तिचाच."

"अहो, मग बसलात काय? जा ना!"

"आता? सगळ्यांसमोर?"

गाणं संपलं. लोक बसले. भिंगरी उठली आणि रिकाम्या हातांनी पायऱ्या चढली. कठड्यामागे ती दिसली तेव्हा हेडमास्तरांनी शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेजारचा गालात हसला. ती साबणाच्या पाण्याची गोष्टच असणार. भिंगरीने पुस्तकावरून हात फिरवला. खाली खांबाजवळ बघून ती किंचित हसली, कारण ते कोणी बांधलंय हे तिला माहीत होतं. मग तिने ते उघडलं.

पानं उलटली. थांबली. मागे गेली, पुन्हा पुढे आली. प्रसंग जवळ यायचा, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताच भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. तिने अगदी सावकाश, बोट लावून पुन्हा पाहिलं. कोणीतरी खाकरलं. हेडमास्तरांनी घड्याळाकडे नाही पाहिलं, पण पाहावंसं वाटतंय हे दिसू दिलं.

काकांना इथून तिचा एक कान दिसत होता. तो लाल झाला होता. लहानपणी रडू दाबताना व्हायचा तसा. ती काही बोलणार नाही, हे त्यांना उमगलं. बाबांनी पुस्तक चुकवलं असं ती भर मंडळीत म्हणणार नाही. पोरीला शास्त्रातली जागाही सापडत नाही असं लोक समजतील, आणि ती ते समजू देईल. आपण गप्प बसलो तर आपलं नाव शाबूत राहील. उद्या गुपचूप पुस्तक उसवून फर्मा घालता येईल, कोणाला कळायचं नाही.

हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. ते उठले.

सुटलेली नाडी फरशीवर टक टक आपटत होती. माना वळल्या. काका मधल्या वाटेने सरळ व्यासपीठापर्यंत गेले आणि फर्मा वर धरून उभे राहिले.

"अरे, अरे!" हेडमास्तर अर्धवट उठले. "वर कागद न्यायचा नाही, माहीत आहे ना?"

"कागद नाही मास्तर," काका म्हणाले, "पुस्तकच आहे. थोडं मागाहून आलंय."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. भिंगरीने वाकून फर्मा घेतला आणि पहिलं पान बघितलं. तिने डोळे मिटून उघडले. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं काकांना खालून दिसलं.

"बाबा, हे होतं कुठे?"

"घरी."

"घरी कुठे?"

"खुर्चीच्या गादीखाली," काका म्हणाले, आणि आता हसू पुढच्या बाकांपर्यंत आलं.

"पण गादीखाली गेलं कसं?"

काकांपुढे उत्तरं पुष्कळ होती. दोरा जुना होता, गिऱ्हाईक आलं, कापडवाल्याने घोळ घातला. त्यातलं दुसरं आणि तिसरं तर खरंही होतं. त्यांनी सदऱ्याचं टोक ओढून सारखं केलं.

"वाचत होतो," ते म्हणाले.

हसू थांबलं. इथे बसलेल्या प्रत्येकाला बाइंडरकाका माहीत होते. हेडमास्तर उठले होते ते तसेच उभे राहिले. भिंगरीने कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि खाली वाकून, जणू घरात दोघंच आहेत अशी, विचारलं, "कुठपर्यंत आलात?"

"गाव आलं. तो पुढे जायला निघाला. तेवढ्यात तुझी आई आली."

आता सगळं चर्च हसलं, काकांची बायको तर तोंडाला रुमाल लावून. भिंगरी हसली नाही.

"पण बाबा, हा प्रसंग तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी वाचतात तो इथे."

"माहीत आहे ना. लहान होतो तेव्हापासून शेवट माहीत आहे." काकांनी मान खाजवली. त्यांना नीट सांगता येत नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. "पण वाचताना माहीत नव्हता गं. वाचताना वाटलं, हे दोघे मठ्ठ त्याला असंच जाऊ देणार. तेव्हापासून तेच चाललंय डोक्यात. सुई ओवतोय, शिवतोय, आणि आत आपलं एकच, अरे थांबवा त्याला कोणीतरी! त्या नादातच हे राहिलं."

भिंगरी सरळ उभी राहिली. तिने फर्मा उघड्या पुस्तकावर, जिथे तो असायला हवा होता तिथे, नीट ठेवला. काका परत जायला वळले, पण ती म्हणाली, "बाबा, इथेच बसा पुढे." पाळकसाहेबांनी सरकून जागा करून दिली.

तिने वाचलं, सुरुवातीपासून. गाव येईपर्यंत वाचलं आणि तिथे बोट ठेवून थांबली.

"मी आज पाच मुद्दे आणले होते," ती म्हणाली. "चांगले होते. आईला विचारा, न्हाणीघरातून सगळे ऐकलेत तिने. पण ते आता राहू देत. या दोघांकडेच बघा. यांना शास्त्र माहीत नव्हतं असं नाही, आईच्या मांडीवर ऐकलेलं होतं. आणि प्रभू काही परका नव्हता, त्याच्याबरोबर जेवलेले होते, चाललेले होते. दोन्ही ओळखीचे. इतके ओळखीचे की कोणाकडेच नीट बघायची गरज वाटत नव्हती. ओळखीचं माणूस असंच हरवतं, ते समोर असतं आणि आपलं त्याला केव्हाच बघून झालेलं असतं."

हेडमास्तर खाली बसले.

"मग तो काय करतो? 'मीच तो' असं म्हणत नाही. म्हटला असता तर ते घाबरून पाया पडले असते आणि गोष्ट तिथेच आटोपली असती. तो त्यांच्या चालीने चालतो आणि तेच जुनं शास्त्र पहिल्या पानापासून त्यांच्यापुढे उघडतो. नवीन काही आणत नाही. पण या वेळी त्यांच्या आत काहीतरी पेटतं. मला वाटतं देव आपल्याला असाच भेटतो. पाठ आहे म्हणून आपण जे पान मिटून ठेवलं, त्याच पानावर. आपण वाचतो तेव्हा तो शेजारून चालत असतो. फक्त एक आहे. गाव आलं की तो पुढे निघायच्या तयारीत असतो. दार ढकलून आत येणं त्याला जमत नाही. त्याला 'थांब' म्हणायचं काम आपलं. आणि ते कोण म्हणतं? ज्याला शेवट माहीत आहे तो नाही म्हणत. ज्याला वाटतं हा आता खरंच जाईल, तो म्हणतो."

मग तिने पुढचं वाचलं. त्या दोघांनी त्याला आग्रह केला, दिवस कलला आहे, आमच्याकडे राहा. तो राहिला. जेवायला बसल्यावर त्याने भाकर हातात घेतली, मोडली, आणि त्यांना दिली, आणि त्या मोडण्यात त्यांनी त्याला ओळखलं. पाळकसाहेबांच्या शेजारी बसलेल्या काकांनी मोठ्याने निःश्वास सोडला. "थांबवलं बाबा," ते पुटपुटले, आणि ते चार बाकांपर्यंत ऐकू गेलं.

त्या रविवारी शेवटच्या गाण्याला कोणालाही कोपर मारावं लागलं नाही.

वडीलधारी मंडळी बाजूच्या खोलीत गेली आणि काका बाहेर पायरीवर बसून राहिलेली नाडी बांधू लागले. ती काही केल्या नीट बसेना. टाक्याची गाठ जन्मात चुकली नव्हती, ही मात्र पुन्हा पुन्हा सुटत होती. डोळ्यांसमोर नेमके हेडमास्तरांचे बूट येऊन उभे राहिले.

"काय रे, एक पान हलणार नाही म्हणाला होतास."

"सोळा हलली," काका म्हणाले.

"हं." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "ते पुस्तक आज घरी ने आणि नीट कर. पुढच्या रविवारी लागेल. आणि वाचन कुठलं आहे ते आधी विचारून घे, म्हणजे तो भाग तरी आत राहील."

"कोणाला विचारू? पाळकसाहेबांना?"

"पाळकसाहेब आता आराम करणार. पाळकबाईंना विचार," हेडमास्तर म्हणाले, आणि घाईघाईने पायऱ्या उतरून गेले, कारण त्यांना कोणी गहिवरलेलं बघितलेलं चालायचं नाही.

काका पायरीवर बसल्या जागी हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. भिंगरी धावत बाहेर आली, तिला आत कळलं होतं. ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या बुटाची नाडी बांधून दिली.

दुपारी जेवण झाल्यावर भिंगरी आडवी झाली आणि काकांनी टेबलावर पुस्तक घेतलं. आपणच घातलेले टाके आपणच उसवणं बाइंडरला जिवावर येतं, पण आज त्यांचा हात हलका होता. दोरा कापला, पाठ मोकळी केली, सुई ओवून ठेवली. आता फर्मा आत सरकवायचा आणि शिवायचा, एवढंच काम. त्यांनी फर्मा हातात घेतला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि चष्मा चढवला. भिंगरीने वाचलेलं सगळं ऐकलं होतं, पण ते तिचं वाचन झालं. काकांचं अजून गावाच्या वेशीवर थांबलं होतं.

बायको चहा घेऊन आली. काकांचा हात सवयीने गादीकडे गेला. मग तिथून परत आला.

"वाचताय?" तिने विचारलं.

"वाचतोय," काका म्हणाले.

तिने कप टेबलावर ठेवला, शिकंज्याजवळचं स्टूल ओढलं आणि पदर सावरून बसली. "मग मोठ्याने वाचा की. मीही ऐकते."

काका खाकरले. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा करत, ते वाचू लागले. दोघे उदास होऊन निघालेले, तिसरा येऊन मिळालेला, वाट सरत आलेली. मधेच त्यांना धाप लागली म्हणून ते थांबले आणि त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"हं, मग पुढे?" बायको स्टुलावर पुढे सरकून म्हणाली. तिलाही शेवट लहानपणापासून माहीत होता.